बंद न करायचा कॉम्प्युटर

सोलापूरच्या भवानी पेठेत टॉवेल-चादरींची डिझाईनं काढणाऱ्या गुरुशांतचा कॉम्प्युटर रोज दुपारी एकला बायकोच्या आवाजात ओरडायचा, "अवो, जेवायला येताय, का ताट झाकून ठिऊ?"

ढब बायकोची, गळा मात्र लेकीचा. महेश्वरी नकला करण्यात एक नंबर. आईचा नाकातला हेल, 'अवो'नंतरचा सुस्कारा, सगळं तिनं बरोब्बर उचललेलं. अप्पा कामात घुसले की जेवण विसरतात, म्हणून कॉलेजात असताना तिनं ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि ही हाक त्यात कोंडून ठेवली. शिवबाई आतून तणतणायची, "मी काय अशी बोलते व्हय गं?"

दोन वर्षांमागं महेश्वरी तापानं गेली. हाक येत राहिली. शिवबाईनं तणतणणंही सोडलं नाही. फक्त बोलून झालं की पदर तोंडाला लावून ती घटकाभर तिथंच उभी राहायची. ती हलल्यावरच गुरुशांत उठायचा.

आवाज मोबाईलवर घेऊन ठेवू, असं त्यानं एकदा सुचवलं होतं. पोर घरात हाय ती घरातच ऱ्हाऊ दे, खिशात घालून गावभर हिंडवायची न्हाय, असं म्हणून शिवबाईनं विषय मिटवला.

मग यंदा उन्हाळ्यात ब्राउझर मागं लागला: मी नवा आलोय, मला आत घ्या, तुमचे जुने जोडप्रोग्राम आता चालायचे नाहीत. गुरुशांतनं जुळे सोलापुरातल्या अण्णारावला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला हा माणूस डॉक्टरसारखा हळू बोलायचा. त्यानं आपोआप होणारं अपडेट थांबवलं आणि बजावलं, की मशीन बंद करून पुन्हा चालू केली तर ते परत जागं होईल. तेव्हापासून कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू. शिवबाई त्याला कधी हात लावत नसे, म्हणून तिला हे सांगायचं गुरुशांतच्या डोक्यातच आलं नाही.

खंडेनवमीला तो मागाच्या पूजेला गेला. घरी शिवबाईनं विळी, कात्री, शिलाई मशीन पुजायला घेतली. पोट भरणाऱ्या हत्याराला आज विसावा द्यायचा, चालतं हत्यार पुजायचं नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. आणि लेक ज्यातून बोलते, ते वगळून कसं चालेल? तिनं कॉम्प्युटर बंद केला, पुसला, विभूती लावली, झेंडू वाहिला. संध्याकाळी बटण दाबून पहिल्यासारखा ठेवला.

दसऱ्याला एक वाजून गेला. हाक आली नाही.

अण्णाराव सणाच्या ताटावरून उठून आला. नव्या ब्राउझरनं जुना प्रोग्राम अडवून ठेवला होता. काढून परत बसवू, म्हणाला. काढला, आणि त्याच्यात साठवलेला आवाजही त्याच्याबरोबर गेला. त्यानं बराच वेळ शोधाशोध केली. मग उठला आणि पाणीही न घेता चपला शोधू लागला.

शिवबाई दारात उभी होती. "मी काल बंद केलता. त्यानं झालं का?"

गुरुशांतनं तिच्याकडं पाहिलं. "न्हाय गं. जुनं समदंच बंद केलंय कंपनीवाल्यांनी. सगळ्यांचंच गेलं."

"सगळ्यांचं?"

"व्हय की."

ती चौकटीला धरून हळूच खाली बसली.

"मग त्यांच्या आया काय करत असतील आता?"

गुरुशांत खुर्चीवरून उठला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला.