जतचा ट्रॅक कापायला निघाले तेव्हा

गाणं मिनिटभर ऐकून त्याचा निकाल लावायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला? सांगलीत ट्रान्स, म्हणजे ठेक्यावर हळूहळू गुंगवत नेणाऱ्या संगीताच्या संग्रहासाठी ट्रॅक निवडायला आम्ही दोघे परीक्षक होतो. एक मी, दुसरे मिरवणुकांना साउंड सिस्टीम पुरवणारे काका; संग्रहाचा खर्चही त्यांचाच. जतच्या एका मुलीच्या ट्रॅकमध्ये ठेका अगदी सावकाश चढत होता. काकांनी तो मध्येच थांबवला.

"मिरवणुकीत पोरं एवढी थांबत्यात व्हय रं? सुरुवात काप. लगेच दणका पायजे."

"आवं काका, तो चढच तर ट्रान्स हाय!"

"मग घरी ऐकत बस गड्या. मला ह्या गाण्यांवर शिरवळपातूर मिरवणुकीच्या सुपाऱ्या मिळवायच्यात."

फोनवर विचारलं, तर मुलीने सुरुवात कापायला साफ नकार दिला. काकांनी ट्रॅक वगळला. संतापून मीही परीक्षकपद सोडलं. आता अनोळखी गाणं लागलं, की ते पुढे ढकलणारं बोट आवरा आणि ते शेवटपर्यंत ऐका.