पाण्यात आधी कोण उतरलं

आमच्या सासऱ्यांचे पणजोबा आणि समोरच्या लाँड्रीवाल्यांचे पणजोबा एकाच दिवशी, एकाच नदीत, एकाच पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. गावातले पहिले दोघं. इथपर्यंत दोन्ही घरांचं एकमत आहे. भांडण पुढे सुरू होतं. पाण्यात आधी कोण उतरलं?

सासरे म्हणायचे, आमचे. लाँड्रीवाले म्हणायचे, आमचे. पाहणारं कोणी जिवंत नाही, आणि तो पाळक दोघांनाही भिजवून पुढच्या गावाला गेला तो कायमचाच. पण एवढ्या एका डुबकीवरून शाळेत एका बाकावर बसणारे दोन मित्र अर्धं आयुष्य एकमेकांशी बोलत नव्हते. आणि धंदे बघा कसे! सासरे कोट शिवायचे, आणि गावात कोटाला नीट इस्त्री करणारं दुकान एकच, समोरचं. गिऱ्हाईक बिचारं कोट हातावर टाकून रस्ता ओलांडायचं आणि दोन्हीकडची कुजकट बोलणी ऐकून घ्यायचं. "खांदा कोणी बसवलाय हा?" असं तिकडून, आणि "कॉलर जाळायची बाकी ठेवलीय," असं इकडून. आमच्या घरात त्यांना 'दुसरे' म्हणत. त्यांच्या घरात आम्हाला काय म्हणत असतील, ते वेगळं सांगायला नको.

मी या घरात सून म्हणून आले ती काजं-बटणं करायला येत असल्यामुळे. म्हणजे आधी दुकानात आले, मग घरात. माझे वडील ख्रिस्ती झाले तेव्हा मी रांगत होते, त्यामुळे सासऱ्यांच्या लेखी मी 'कालची'. लग्न ठरताना ते नवऱ्याला म्हणाले होते, "मुलगी गुणी आहे, हात सुबक आहे. कालची आहे, पण शिकेल." काय शिकायचं होतं ते मला बैठकीच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर कळलं.

तिथे शोकेस होती. काचेची, छतापर्यंत, आत दिवा. वरच्या कप्प्यात पणजोबांची काठी, मखमलीवर आडवी. तिच्यामागे त्यांचा फोटो, इतका पुसट की कोणाचेही पणजोबा म्हणून चालले असते. खालच्या कप्प्यांत सासऱ्यांची स्वतःची कमाई: बायबलची वचनं पाठ म्हणण्याच्या स्पर्धांचे कप, शास्त्र परीक्षेच्या ढाली, चर्चच्या मंडळीचे पंच म्हणून मिळालेली चांदीची तबकडी. घरी कोणीही येवो, चहाच्या आधी शोकेस. काठीपासून सुरुवात, तबकडीवर शेवट. ताप बघायला आलेल्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. अहो, ताप सासऱ्यांनाच होता! मीटर बघायला येणारा माणूस तर दारातूनच आकडा विचारून पळायला लागला होता. आणि ही सगळी परंपरा दर शनिवारी पुसायचं काम कोणाकडे? कालचीकडे.

वाईट नव्हते हो सासरे. गरिबाच्या लग्नाचा कोट फुकट शिवून द्यायचे, फक्त शिवताना पणजोबा ऐकावे लागायचे. प्रार्थना तर अशी करायचे की लोक लांबून ऐकायला यावेत. त्यांचा आवाज चढायचा, उतरायचा, मधे थांबायचा, आणि आम्ही गार होत चाललेल्या जेवणाकडे एक डोळा उघडून बघत बसायचो.

तर त्या वर्षी चर्चला शंभर वर्षं होणार होती. नवं दार बसवलं होतं, आणि कमिटीनं ठरवलं की ते पहिल्या घराण्यातल्या ज्येष्ठ माणसाच्या हातून उघडायचं. म्हणजे कमिटीनं मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातला. बैठकांवर बैठका झाल्या, निर्णय काही होईना. सासऱ्यांनी स्वतःसाठी नवा कोट कापायला घेतला होता. दार उघडायचं म्हणजे हात वर जाणार, म्हणून बगलेत कापड जरा सैल ठेवलं होतं. इतकी त्यांची खात्री.

आणि लाँड्रीवाले काका आजारी पडले. पोटात काहीतरी वाढलेलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांचा मुलगा रस्ता ओलांडून आमच्या दुकानात आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांनी बोलावलंय तुम्हाला. दवाखान्यात. लवकर या म्हणाले."

तो गेला आणि सासऱ्यांनी कात्री खाली ठेवली. "कबूल करणार," ते म्हणाले. "मरताना खोटं बोलवत नाही माणसाला."

"पप्पा, अहो आजारी आहेत ते," मी म्हटलं.

"म्हणूनच. तू चल सोबत, साक्षीला."

नवऱ्यानं हातात काम असल्यासारखी मान खाली घातली, म्हणून मलाच जावं लागलं. सासऱ्यांनी अर्धवट कोट अंगात चढवला, एका बाहीला अजून कच्चा दोरा होता. मग शोकेस उघडली आणि काठी बाहेर काढली. मी त्या घरात आल्यापासून ती काठी जमिनीला लागलेली पाहिली नव्हती. रस्ताभर ते ती टेकत नव्हते, मिरवत होते.

आम्ही दवाखान्याच्या खोलीत शिरलो. एवढे दणकट काका पलंगावर चादरीच्या घडीएवढे उरले होते. सासरे दाराशीच थबकले. पण लगेच ताठ झाले.

"बस रे," काका म्हणाले.

"बसायला आलो नाही. काय सांगायचंय ते सांग. ही सून आहे, साक्षीला."

काका हसायला गेले आणि खोकले. "पाण्याचं ऐकायला आलास होय? घे. तुझे आधी. झालं समाधान? आता खाली बस."

अर्ध्या आयुष्याचं भांडण, आणि निकाल असा सुट्ट्या पैशांसारखा हातावर टेकवला! सासऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. खिसा कापला गेल्यासारखे ते उभे राहिले. मी स्टूल पुढे सरकवलं, तेव्हा बसले.

"मला एक विचारायचंय," काका म्हणाले. "पाळकसाहेबांना विचारायची लाज वाटते. इतकी वर्षं मंडळीचा पंच मी, उभा राहून उपदेश केलेत लोकांना. मुलाला विचारलं तर घाबरेल. तुझ्यापुढे माझी अब्रू तशीही नाही, म्हणून तुला बोलावलं." त्यांनी दम घेतला. "मी आता प्रभूकडे जाणार, असं सगळे येऊन सांगतात. आणि मला भीती वाटते रे. मला तो ओळखीचाच वाटत नाही. मला पणजोबा ठाऊक आहेत. चर्चची वीट न् वीट ठाऊक आहे. तुझी आहे का त्याच्याशी ओळख? कसा आहे तो?"

सासऱ्यांनी घसा साफ केला. तो घसा मला पाठ होता. आता बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र येणार, आणि ते आलंच, स्पर्धेतल्या आवाजात. दोन ओळी झाल्या नाहीत तोच काकांनी हात वर केला.

"हे नको. यात तुझा पहिला नंबर आला होता, माझा दुसरा. मलाही पाठ आहे."

"आमचे पणजोबा म्हणायचे..."

"त्यांची ओळख होती रे. तुझे काय, माझे काय, त्या दोघांची होती. म्हणून तर उतरले पाण्यात. मी तुझं विचारतोय."

सासरे काठीकडे बघायला लागले. मला आधी हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. या माणसाला कोणीतरी एकदाचं गप्प केलं, असं वाटत होतं. पण ते काठीची मूठ धरत होते, सोडत होते, ओठ हलवत होते. समोर काका त्यांच्याकडे डोळे लावून पडलेले, पाणी मागितलेल्या माणसासारखे. चार पिढ्यांचं घर, भिंतभर ढाली, आणि मरणाऱ्या मित्राला द्यायला घरात काही नाही.

"नाही रे," सासरे शेवटी म्हणाले. आवाज कुठल्या कुठे गेला होता. "नाही माझी ओळख. मी त्याच्याविषयी बोलतो फक्त."

"वाटलंच मला," काका म्हणाले. त्यात खवचटपणा नव्हता. उलट त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "मग आता?"

"आता काय. त्यालाच विचारू."

सासऱ्यांनी डोळे मिटले. मी सवयीनं भिंतीला टेकून उभी राहिले, म्हटलं आता निवांत. पण प्रार्थना सुरू होते न होते तोच अडखळली. "प्रभू येशू... आम्ही दोघं आलोय. पणजोबांना तू ओळखतोस. आम्ही... आम्हाला तू..." नाक ओढल्याचा आवाज आला तेवढा.

"उशीर झालाय, पण हाकलू नकोस," काकांनी पूर्ण केलं, आणि दोघं आमेन म्हणाले.

मग काकांना बाथरूमला जायचं होतं. मुलगा औषधं आणायला गेलेला. सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ ती काठी त्यांच्या हातात दिली. पणजोबांची, मखमलीवरची! एका बाजूनं ती काठी, दुसऱ्या बाजूनं सासरे, असे दोघं टकटक करत बाथरूमपर्यंत गेले. काठी तिथेच राहिली.

त्यानंतर सासरे रोज दुपारी जाऊ लागले. दुकानात कापड पडून राहायचं, गिऱ्हाईकं माझ्यावर खेकसायची. एकदा मी डबा द्यायला गेले तर बाहेर व्हरांड्यात नर्स कपाळाला हात लावून उभी. "आत दोन म्हातारे भांडतायत, बघा जरा." भांडत नव्हते. शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, वाचत होते. शंभरदा पाठ म्हटलेलं, पण चष्मे लावून असे वाचत होते की जणू नवीन शेजारी कोण आलाय त्याची चौकशी चाललीय.

"अरे, हा तर कोणाच्याही घरी जेवायला जातो!" काका म्हणत होते.

"आणि कोणाला बाप-आजा विचारत नाही. विचारतो ते, तुला काय हवंय म्हणून."

"तुला विचारलं असतं तर तू शोकेस दाखवली असतीस."

"आणि तू इस्त्रीचा भाव सांगितला असतास. वाच पुढे."

असे ते दिवस गेले. काकांचं शरीर उतरत होतं, पण भीती गेली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटच्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना वाकायला सांगितलं आणि म्हणाले, "या वेळी मात्र मी पहिला हं." सासरे रडता रडता हसले. तो बगलेत सैल ठेवलेला नवा कोट त्यांनी आत घेऊन काकांच्या मापाचा केला. माप घ्यावं लागलं नाही, डोळ्यांत होतं. काकांच्या मुलानं त्याला इस्त्री केली, आणि तोच घालून त्यांना पुरलं.

आता आमचा मार्ग मोकळा, असं माझ्या नवऱ्याला वाटलं. कमिटीलाही वाटलं. दाराचा दिवस आला, अख्खी मंडळी अंगणात जमली, आणि पहिल्या घराण्याचे ज्येष्ठ म्हणून सासऱ्यांचं नाव पुकारलं. ते जुन्याच कोटात उठले.

"पाण्यात आधी कोण उतरलं, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "कधीच ठाऊक नव्हतं. उगाच बोलत होतो. समोरच्या त्या पोराला बोलवा, त्याला बापाची आठवण येत असेल." आणि खाली बसले.

नुसती कुजबुज. नवऱ्याचा चेहरा असा झाला, की घर लुटलं गेलंय आणि चोराला बापानंच दार उघडलंय. लाँड्रीवाल्यांचा मुलगा लाजत लाजत पुढे गेला, दार उघडलं, आणि माईक हातात आल्यावर लाज सोडून बापाच्या पणजोबांवर इतका वेळ बोलला की पाहुण्यांचा चहा गार झाला. सासरे शांतपणे ऐकत होते. मीच चिडले. म्हटलं, घ्या, रोग गेला नाही, फक्त रस्ता ओलांडून तिकडे गेला.

घरी नवरा ओरडला, "पप्पा, चार पिढ्यांचं मातेरं केलंत!"

"पिढ्या आहेत तिथेच आहेत," सासरे म्हणाले. "जेवायला वाढ गं."

सासऱ्यांनी प्रार्थना केली ती इतकी छोटी, की संपली तरी भात वाफाळत होता. नवरा अन्न चिवडत बसला, मी पोटभर जेवले.

ती काठी काकांच्या मुलानं परत आणून दिली होती. ती शोकेसमध्ये गेली नाही. दुकानात वरच्या दांडीवरचे हँगर काढायला आम्ही ती वापरतो, लांबीला अगदी बरोबर आहे. शोकेस अजून आहे, कारण नवरा हलवू देत नाही. पुसते मीच.

सासऱ्यांचा स्वभाव काही देवदूताचा झाला नाही. टाका चुकला तर अजून आकाशपाताळ एक करतात. पण परवा संध्याकाळी दुकानात आम्ही दोघंच होतो. ते काजं तपासत होते, मी बटणं लावत होते. मी धीर करून विचारलं, "पप्पा, काकांनी तुम्हाला विचारलं होतं ना, कसा आहे तो म्हणून? आता कोणी विचारलं तर काय सांगाल?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं, आता घसा साफ करणार. केला नाही.

"इतकी वर्षं तो आपल्या घरी येऊन बसला होता गं," ते म्हणाले, "आणि मी त्याला शोकेस दाखवत होतो. चहासुद्धा विचारला नाही."

"मग?"

"मग काय. उठून गेला नाही तो."

त्यांचे डोळे भरले होते. मग चष्मा खाली आला, आणि एक काज वाकडं गेलंय म्हणून त्यांनी मला अख्खी पट्टी उसवायला लावली.