क्लचबाईंचा सत्कार

गाडी शिकवताना ती दिवसभर एकच शब्द ओरडायची, म्हणून शहरभर तिचं नाव क्लचबाई पडलं. "क्लच! अहो, क्लच दाबा! पाय आहे की खांब?" माझं औषधांचं दुकान तिच्या ड्रायव्हिंग क्लासच्या अगदी समोर. काउंटरवर गोळ्यांची पाकिटं काढताना मी तिचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला, आणि चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस स्वतःच तिच्या शेजारी जाऊन बसले.

तिच्याकडे शिकलेली आणि न रडलेली बाई मला अजून भेटायची आहे. मी मोठ्या चौकात रडले. गाडी मधोमध बंद पडली होती, मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि एक स्कूटरवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "आजी, घरी जा." क्लचबाईने मला रुमाल दिला नाही. तिने काच खाली केली, त्या स्कूटरवाल्याला असं काही ऐकवलं की तो सिग्नल लाल असतानाच निघून गेला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रडायचं तर रडा. पण आरशात बघत रडा. मागे गाड्या आहेत."

अशी ती होती. गोड बोलणं तिला जमत नव्हतं आणि जमावं असं तिला वाटतही नव्हतं.

क्लास मुळात तिच्या नवऱ्याचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, पण बायकोला शिकवली ती पेट्रोल भरून आणण्यापुरती. एका सकाळी नाश्ता करताना त्यांच्या हातातला कप खाली पडला आणि उजवं अंग कायमचं गेलं. जीभ जड झाली. बोललेलं घरच्यांनाही दोनदा विचारावं लागे. लेक तेव्हा कॉलेजात होती.

दवाखान्यात सगळ्यांत आधी पोचली ती मास्तरांची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वीज कंपनीच्या कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होती. शहर तिला ताई म्हणायचं. हाताखालच्या माणसांना कामं सांगण्यात जन्म गेला, त्यामुळे ताई विचारत नसत, ठरवत. आठवडा गेला नाही तोच त्यांनी ठरवलं की क्लास बंद करायचा आणि गाडी विकायची.

"मी चालवते क्लास," क्लचबाई म्हणाली.

"तू?" ताई हसल्या. "बाईकडे गाडी शिकायला कोण येणार? आणि जो येईल तो कशासाठी येईल, हे मी तुला सांगायला नको."

क्लचबाईने मास्तरांकडे पाहिलं. ते खाटेवर पडून ऐकत होते. ते बहिणीची बाजू घेतील की तिची, हे तिला बघायचं होतं. मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ती गाडी पुसून दारात उभी राहिली. कोणीच आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मास्तरांचे सगळे विद्यार्थी एकदम कुठे गेले, हे तिला कळेना. शेवटी भाजी घेताना एका विद्यार्थिनीची आई भेटली. "वाईट झालं हो, क्लास बंद करावा लागला," ती म्हणाली. "तुमच्या ताईंचा फोन आला होता." ताईंनी एकेकाला फोन करून सांगितलं होतं. आवाज चढवून नाही, अगदी नम्रपणे.

क्लचबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायला तेव्हा तिच्याकडे वेळ नव्हता. तिने नव्याने सुरुवात केली. पहिल्या दोघी आल्या त्या नर्सिंग होममधल्या आया, पहाटेच्या पाळीला वाहन मिळत नाही म्हणून. मग त्यांच्या ओळखीच्या आल्या. दुसऱ्या क्लासचे मास्तर सिग्नलला गाडी शेजारी आणून थांबवायचे आणि विचारायचे, "काय बाई, स्वयंपाक उरकला का?" ती उत्तर द्यायची, "उरकला. तुमच्यासाठी ठेवला नाही."

अशी वर्षं गेली. क्लास चालला, वाढला, एका गाडीच्या दोन गाड्या झाल्या. ताई निवृत्त झाल्या. दुपारी भावाकडे त्यांचं येणं रोजचंच होतं. क्लचबाईशी कामापुरतं बोलायच्या आणि त्या बोलण्यातही टोचायच्या. "आज काय, फार लांबची फेरी होती वाटतं?" असं.

निवृत्तीनंतर ताई आमच्या सेवा क्लबात आल्या आणि वर्षभरात सचिव झाल्या. क्लब रक्तदान शिबिरं घ्यायचा, शाळांना बाकं द्यायचा, आणि वर्षातून एकदा बायकांच्या कर्तृत्वाचा गौरव करायचा. त्या वर्षी क्लबची अध्यक्ष होती दातांची डॉक्टर. तीही क्लचबाईकडेच शिकलेली. तिनेच नाव सुचवलं. बैठकीत मी होते. ताईंचा चेहरा दुखऱ्या दाढेवर चमचा लागावा तसा झाला. पण घरच्याच माणसाला नको कसं म्हणणार? त्या म्हणाल्या, "मग तिचा परिचय मीच करून देते."

हे ऐकून क्लचबाईने यायचं नाकारलं. लेकीने हट्ट धरला. "आई, इतकी वर्षं लोकांचे हॉर्न खाल्लेस. एक दिवस टाळ्या खा." शेवटी ती तयार झाली, पण माझ्यासोबत, स्वतःच्या गाडीतून, आणि वाटेत मला गिअर उशिरा बदलल्याबद्दल दोनदा बोलून.

हॉल भरला होता. खुर्च्यांना पांढरी कापडं आणि मागे गाठी मारलेल्या फिती. स्टेजवर मोठा फलक, 'ती, तिचं कर्तृत्व, तिचं नेतृत्व'. माइक अधूनमधून शिट्टी मारत होता. शाळेच्या मुख्याध्यापिकेचा सत्कार झाला, मग एका पोहणाऱ्या मुलीचा. त्यानंतर ताई उठल्या.

ताई बोलायला वाकबगार. त्यांनी भावाचं आजारपण सांगितलं, घरावर कोसळलेलं संकट सांगितलं, समोरच्या दोघी-तिघींनी डोळे टिपले. "त्या दिवशी," ताई म्हणाल्या, "ही माझी वहिनी हातपाय गाळून बसली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, तू चालव गाडी. लोक काय म्हणतील ते मी बघते. आज तुम्ही जिचा गौरव करताय, तिच्या मागे एक घर उभं होतं, हे विसरू नका."

टाळ्या पडल्या. क्लचबाई माझ्या शेजारी होती. तिचा उजवा पाय खालच्या फरशीवर जोरात दाबला गेलेला मला दिसला, समोरून गाडी अंगावर यावी तसा.

ती स्टेजवर गेली. डॉक्टरने तिच्या हातात फुलांचा गुच्छ आणि काचेचं मानचिन्ह दिलं आणि हसत म्हणाली, "दोन शब्द बोला ना." क्लचबाईने गुच्छ परत डॉक्टरच्याच हातात दिला आणि माइक जवळ ओढला.

"ताईंनी मला गाडी चालव म्हटलं नाही," ती म्हणाली. गाडीत बोलते त्याच आवाजात. "ताईंनी माझ्या नवऱ्याच्या एकेका विद्यार्थ्याला फोन करून क्लास बंद झाल्याचं सांगितलं. माझ्याकडे जो शिकायला येईल तो वाईट हेतूनेच येईल, असंही म्हणाल्या. माझ्या मागे घर नव्हतं. मागे फक्त हॉर्न होते. तुम्ही माझा सत्कार करा, नका करू, पण जे घडलं नाही ते माझ्या नावावर सांगू नका."

मागच्या रांगेतून एकीने टाळी वाजवली, मग आणखी दोघींनी, आणि आपण तिघीच वाजवतोय हे लक्षात आल्यावर त्या थांबल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "किती तो कडवटपणा! जरा तरी वेळकाळ बघावं." ताई स्टेजवर ताठ बसून होत्या. चेहरा पांढराफटक. डॉक्टरने घाईघाईने जाहीर केलं की बाहेर चहा-केकची सोय केली आहे.

चहाकडे क्लचबाई गेलीच नाही. आम्ही पार्किंगमध्ये आलो, तर ताई आमच्या गाडीच्या दारापाशी उभ्या.

"झालं समाधान?" ताईंनी विचारलं.

"झालं."

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस."

"तुम्ही खोटं बोललात, ताई."

"हो, बोलले!" ताईंचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत तो असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. "आणि तू खरं किती बोललीस? तू दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना रस्ते दाखवत फिरत होतीस, तेव्हा त्याचे कपडे कोण बदलत होतं? त्याला अंघोळ कोण घालत होतं? चमच्याने भरवलेला घास तो कोणाच्या तोंडावर थुंकायचा? फोन केले ते सांगितलंस माइकवर. हे का नाही सांगितलंस?"

क्लचबाई एक पाऊल पुढे गेली. "सांगितलं असतं. रोज येताय म्हणून मी तुमचे पाय धरले असते. पण तू मला कधी धरू दिलेस? येताना टोमणा, जाताना टोमणा!"

त्या दोघींनाही एकदमच कळलं की तिने ताईंना 'तू' म्हटलं आहे. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मी साक्षीदार आहे. "आता मी तुझ्या दारात पाय ठेवायची नाही," त्या म्हणाल्या आणि चालत निघाल्या. आमच्यापैकी कोणीही त्यांना घरी सोडू का असं विचारलं नाही.

गाडी क्लचबाईने चालवली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिच्या हातून गाडी बंद पडलेली पाहिली.

ताईंनी शब्द पाळला. क्लबातही यायचं बंद केलं. शहरात दोन तट पडले. अर्धे म्हणायचे, बरं झालं, कोणीतरी बोललं. अर्धे म्हणायचे, घरचं धुणं स्टेजवर कशाला? क्लचबाईच्या लेकीनेही आईला सुनावलं. "तू खरं बोललीस, मान्य. पण बाबांना आता दुपारी कोण बघणार, हा विचार केलास?"

विचार केला नव्हता. एक बाई कामाला ठेवली, ती टिकली नाही. दुसरी आली, तिच्या हातून मास्तर खायला तयार होईनात. दार वाजलं की ते मान वळवायचे आणि जड जिभेने म्हणायचे, "ता... ता." बायको दिसली की डोळे मिटायचे. एका दुपारी त्यांनी तिच्या हातातला वाडगाच उडवला. क्लचबाई मला म्हणाली, "माझ्यावर चिडलाय, ते ठीक. पण अंग किती उतरलंय बघ त्याचं."

तेव्हा ती ताईंच्या दारी गेली. मी बरोबर नव्हते. मला हे तिने नंतर सांगितलं, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून.

ताईंनी दार अर्धंच उघडलं. "माफी मागायला आलीस?"

"नाही," क्लचबाई म्हणाली. "जे बोलले ते खरं होतं."

"मग जा."

"तो जेवत नाही."

ताईंचा हात दारावरून खाली आला. मग त्यांनी विचारलं, "भात मऊ शिजवतेस का? कडक राहिला की तो थुंकतो."

"तुम्ही या. मी घरी नसेन तेव्हा या. माझं तोंड बघायची गरज नाही."

"तुझ्यासाठी येणार नाही."

"माझ्यासाठी कोण बोलावतंय?"

ताईंनी दार लावून घेतलं. क्लचबाईला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोठ्या चौकात एका मुलीवर ओरडत असताना लेकीचा फोन आला की आत्या आल्या आहेत आणि बाबा जेवताहेत. लेक सांगते, आईने "बरं" म्हटलं आणि लगेच पुन्हा त्या मुलीवर ओरडली.

तेव्हापासून असंच चाललं आहे. ताई येतात तेव्हा क्लचबाई घरात नसते. क्लचबाई परतायच्या आत ताई निघून जातात. फडताळातल्या औषधांच्या जागा ताई बदलून ठेवतात, संध्याकाळी क्लचबाई त्या पूर्ववत करते, आणि दोघी लेकीकडे एकमेकींच्या तक्रारी करतात. मी एकदा म्हटलं, आता मिटवून टाका, वय झालं दोघींचं. क्लचबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी आली नाही, म्हणून ती लवकर घरी गेली. ताई जिन्यातून उतरत होत्या. जिना अरुंद. दोघींनाही मागे फिरणं कमीपणाचं वाटलं असणार. ताई कठड्याला चिकटून उभ्या राहिल्या, क्लचबाई भिंतीला.

"त्याला खोकला झालाय," ताई कठड्याकडे बघत म्हणाल्या.

"ऐकलाय मी," क्लचबाई भिंतीला म्हणाली. "औषध आणलंय."

ताईंनी तिच्या हातातल्या पिशवीत डोकावून बाटली पाहिली, नाक मुरडलं आणि खाली उतरून गेल्या.