रेजीची चूक

द हेगमधल्या इंडो, म्हणजे डच-इंडोनेशियन मिश्र वंशाच्या लोकांच्या मेळाव्यात पहिला मान सांबलच्या चटणीला, दुसरा रेजी आणि थिओ या भावांच्या गिटारींना. जावाहून बोटीने आलेली ही पोरं. शेजारचे डच अजून अॅकॉर्डियनवर डोलत होते, तेव्हा यांनी रॉक अँड रोल वाजवून नाचघरांच्या फरश्या झिजवल्या. रेजी गिटार मानेमागे धरून सुरावट वाजवायचा आणि टाळ्या घ्यायचा. थिओ मागे उभा राहून ताल धरायचा. केस पिकले, पोटं सुटली, तरी वाटणी तीच. थिओला ती कधी खुपली नाही असं म्हटलं तर ती थाप होईल.

त्यांची एकच तबकडी गाजली. तिच्या ध्वनिमुद्रणात रेजीचं बोट घसरून एक सूर चुकला होता आणि लोकांना नेमका तोच आवडला. पुढे कधी त्याने तिथे बरोबर वाजवलं, की नाचणारे थांबून ओरडायचे, “चुकलास रे!”

गेल्या हिवाळ्यात रेजीला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. मेळाव्यात कुणी गिटारचं नाव काढलं, की तो उठून जायचा. आज मात्र तो गिटार घेऊन आला होता, गिऱ्हाईक शोधायला. गिटार गेली की जोडी संपली, आणि जोडीवाचून थिओला आयुष्यात दुसरं काही आलंच नव्हतं.

स्वयंपाक सांभाळणाऱ्या मिनमावशी घरी न्यायच्या भाताचे पुडे बांधत होत्या. “विक खुशाल,” त्या म्हणाल्या. “पण वाजवल्याशिवाय तुला पुडा नाही. इतकी वर्षं नियम आहे.”

“एका हाताने वाजवू?” रेजी गुरकावला.

थिओ त्याच्या डावीकडे जाऊन बसला. तरुणपणी लोकांना हसवायला ते एक खेळ करायचे: गिटार एक, हात दोघांचे. त्याने गिटार भावाच्या मांडीवर ठेवली, तारांवर आपली बोटं दाबली.

“छेड.”

रेजीने छेडलं. त्याचीच सुरावट निघाली, जिथल्या तिथे. म्हातारी माणसं खुर्च्या सारून उठली. मग तो सूर आला, तसाच घसरलेला.

रेजीचे डोळे भरले. “माझी चूकसुद्धा येते तुला?”

“जन्मभर तुझ्या मागे उभा होतो. दुसरं काय ऐकणार?”

मिनमावशींनी एकच पुडा पुढे केला. “दोघांचा मिळून एक माणूस झाला. एवढ्यात भागवा.”

रेजीने पुडा थिओकडे दिला. “पुढच्या वेळी बोटं शेकून ये, आखडलीत,” तो म्हणाला, आणि गिटार पेटीत घालून ती आपल्या खुर्चीखाली सरकवली.