गुरुवारची पेज
उकड्या तांदळाच्या पेजेचा वास आला की सत्तावन्न सालची फ्लूची साथ आठवते. वाडीतल्या एका वेड्याला रोज एकेक घर जेवू घालायचं, गुरुवार आमचा. त्या आठवड्यात घरोघरी माणसं तापाने पडली होती. आमच्याकडे मी, नवी सून, तेवढी उठले होते. पेज तयार होती. तो वेडा खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येऊन आपला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, वाडगा घेऊन बसला. “वयनी, पेज आसा?” सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, “पिसो तो. पुरुष माणूस उठल्याशिवाय दार उघडू नको गो.” मी उघडलं नाही. ऊन उतरल्यावर त्याने जेवल्यासारखा तो रिकामा वाडगा राखेने घासला, धुतला, पायरीवर पालथा ठेवला आणि गेला. पुढच्या गुरुवारी दार उघडं होतं, वाडगा तसाच पालथा होता. अजून पेज शिजली की मी आधी दार उघडते.