बाईंनी तपासलेलं पत्र

माझ्या टायपिंगच्या बाई एक नंबरच्या खाष्ट. बारामतीत त्यांच्या क्लासला असताना नजर खाली गेली की फाटकन बोटांवर पट्टी बसायची. पुढं बऱ्याच वर्षांनी इंदापूर रस्त्यावरच्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटरवर लागलो, तर टायपिस्ट म्हणून तिथं त्याच! कळंबहून एस.टी.नं यायच्या. अकरा वर्षं टेंपररी. औंदा कायम होणार, ही एकच आशा. घरात कमावत्या त्या एकट्याच.

आमच्या प्रिंटरची अक्षरं टिंबाटिंबांची. "असली पत्रं मी बाहेर धाडत न्हाय," म्हणून साहेब प्रत्येक पत्र बाईंकडं द्यायचे. त्या टाईप करायच्या, ओळीखाली पट्टी धरून वाचायच्या आणि ऑफिसच्या प्रतीवर 'तपासले' लिहून सही ठोकायच्या.

मग साहेबांनी पुण्याहून चाकाचा प्रिंटर आणला. सूर्यफुलासारखं प्लॅस्टिकचं चाक, पाकळी-पाकळीच्या टोकाला एकेक अक्षर. चाक गरकन फिरून हवं ते अक्षर वर आणायचं, मागून बारकी हातोडी बसायची, आणि रिबिनीवरून ते कागदावर उठायचं. आवाज असा की बोललेलं ऐकू येईना. पण अक्षर अगदी टाईपरायटरचं!

साहेबांनी मला मजकूर दिला: पुढच्या महिन्यापासून आपल्या सेवेची गरज नाही. नावाची जागा कोरी. "नमुना म्हणून काढ, अन् बाईंकडनं तपासून घे. नाव त्यांचंच टाकायचंय, पण उद्या." मी सांगू शकलो असतो. पण बोटांना पट्टी आठवत होती. म्हटलं, जिरू दे.

बाईंनी पट्टी धरून वाचलं. एक राहिलेला स्वल्पविराम दाखवून दिला. कागद उलटा करून मागून बोट फिरवलं. "टाईप केल्यावानीच उठलंय की रं! झकास." मग कोऱ्या जागेकडं बघून म्हणाल्या, "कुणाच्या नशिबी हाय कुणास ठावं."

"नमुना हाय, बाई," मी म्हणालो. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी नाव टाकलं. खडखड करत पत्र बाहेर आलं, कार्बनची ऑफिसची प्रतही. साहेबांनी दोन्ही बाईंपुढं ठेवली. "मिळालं म्हणून सही करा."

बाईंनी सवयीनं पट्टी घेतली. नावाशी थांबल्या. मग एकेक ओळ शेवटपर्यंत वाचली. स्वल्पविराम जागेवर होता.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. ऑफिसची प्रत ओढली, लिहिलं, सही केली, पर्स उचलली आणि एस.टी. गाठायला गेल्या.

साहेबांनी प्रत बघितली. बाईंनी 'मिळाले' लिहिलंच नव्हतं. अकरा वर्षांची सवय. 'तपासले' लिहून गेल्या होत्या. साहेब खो-खो हसले.

मीही हसलो. साहेबांपेक्षा मोठ्यानं.