सिएनाचं कॅथेड्रल आणि आमची काळी माती

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला माझ्या वाट्याला इटलीतल्या सिएनाचं कॅथेड्रल आलं. प्रत्येकाला मध्ययुगीन युरोपातली एकेक इमारत नेमून दिली होती. तिचा नकाशा काढायचा आणि इतिहास वर्गासमोर सांगायचा. मी तोवर पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते, पण त्यानं माझं काही अडलं नाही. लायब्ररीतली पुस्तकं पालथी घातली आणि ते कॅथेड्रल असं पाठ केलं, की डोळे मिटून आत फिरून आले असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शीटची गुंडाळी पुण्याहून बारामतीमार्गे एसटीनं सणसरजवळच्या आमच्या गावी आणली आणि ओसरीवर पसरून चारी कोपऱ्यांवर तांबे ठेवले.

वडील रानातून आले आणि शीटसमोर उकिडवे बसले. सिएनाच्या भिंती आणि खांब म्हणजे काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे आडवे पट्टे, एकावर एक, थेट वरपर्यंत.

"ह्ये तर आपल्या घोंगड्यावानी दिसतंय की," ते म्हणाले.

आजोबांपर्यंत आमच्या घरी मेंढरं होती; पाटाचं पाणी आल्यावर ऊस आला. घोंगड्याशी नातं जुळल्यावर वडिलांना ते देऊळ आपलंच वाटू लागलं. मग मी इतिहास सांगितला. सिएनाकरांकडे चांगलं भलं मोठं कॅथेड्रल होतं. पण शेजारचं फ्लॉरेन्स त्याहून मोठं बांधायला लागलं, आणि यांच्या पोटात दुखलं. यांनी ठरवलं, आहे हे आख्खं कॅथेड्रल क्रुसाचा आडवा हात समजायचं आणि त्याला काटकोनात नवा, दांडगा सभामंडप जोडायचा. भिंती चढल्या, कमानी बसल्या. तेवढ्यात प्लेग आला आणि गाव ओस पडलं. पुढं जाणत्यांनी तपासलं, तर बांधकामच कच्चं निघालं. धोक्याचा भाग उतरवावा लागला. त्या मंडपाच्या टोकाची उंच भिंत आजही बिनछपराची उभी आहे.

"म्हंजी ईर्षा नडली," वडील म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

ईर्षा आमच्या गावालाही झाली होती. शेजारच्या गावानं देवळापुढं स्लॅबचा मोठा हॉल उठवला होता. आमच्या भैरवनाथाचा मंडप जुन्या दगडी बांधणीचा, बुटक्या खांबांचा. आत जाताना वाकावंच लागायचं. मला तो फार आवडायचा. भर उन्हाळ्यात तिथल्या फरशीवर पाठ टेकली की उठावंसं वाटत नसे. गावाचं ठरलं होतं, की तो पाडून पुढं मोठा सभामंडप करायचा आणि अक्षय्य तृतीयेला जुन्यावर पहिली पहार मारायची. जागा कमी पडत होती, ती वडिलांनी दिली. देवळाला लागून आमचा उसाचा तुकडा होता. आमच्या रानातली सगळ्यात कसदार, काळीभोर माती.

"देवाला द्यायचं तर खडकाळ कसं द्यायचं?" असं ते म्हणाले, आणि गावानं त्यांना डोक्यावर घेतलं.

ही चूक फक्त शेतकरीच करू जाणे. उसाला जी माती सोनं, तीच भिंतीला वैरी. पाणी पिऊन ती फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचं बांधकाम हलवते. देऊळ बांधणाऱ्या जुन्या माणसांनी देवाला खडकावर बसवलं होतं आणि काळी रानं पोटासाठी ठेवली होती.

मी घरी हे सांगितलं. वडील भडकले. "दोन पुरुष उंच ऊस पेलती ती माती. देवाला पेलायची न्हाय व्हय?" त्या दिवशी ते माझ्याशी जेवतानाही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. राग मी त्यांच्याकडूनच घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या पारावर बैठक होती. मी गेले. पुरुषांत मी एकटी मुलगी. माझे थोरले चुलते बैठकीचे म्होरके; शीटची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

"बोला बाई," ते म्हणाले, "इटलीवाल्यांचं काय म्हननं हाय?"

सगळे हसले. वडील मान खाली घालून बसले होते.

"येवढंच म्हननं हाय तात्या, की नवं हुबं ऱ्हाईस्तवर जुन्याला हात लावू नका. त्यांनी जुन्यातली पूजा मोडली न्हाय. म्हनून नवं फसलं तरी देव घरातच ऱ्हायला."

"त्यांचा देव येगळा, पोरी."

"देव येगळा आसंल. उघड्यावर पडल्यावर दोघंबी भिजत्यात."

पुन्हा हसू आलं, पण या खेपेला माझ्या बाजूनं. मातीचं मी अवाक्षर काढलं नाही. वडिलांनी मान वर केली.

"पोरगी म्हनती तसं करू," ते म्हणाले. "आधी माज्या रानातलं काम. येक पावसाळा निघू द्या, मग जुन्याचं बघू."

जागा देणाराच बोलल्यावर कुणाला नाही म्हणता येईना.

घरटी माणूस आलं, ट्रॅक्टरनं दगड-वाळू आली, आणि पाऊस लागायच्या आत भिंती खिडक्यांच्या वर गेल्या. मी पुण्याला परतले. दिवाळीला आले तेव्हा काम बंद होतं. एक भिंत बाहेर कलली होती आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढी भेग पडली होती. मागं बुटका मंडप जागच्या जागी होता आणि आत दिवा लागला होता. आपलं खरं झालं याचा मला आनंद झाला, आणि तो फार वेळ टिकला नाही. वडील त्या भेगेशी उभे होते.

"चांगलंच दिलं व्हतं गं मी देवाला," ते म्हणाले.

"चांगलंच हाय, आबा. भिंती उतरवा आन देवाच्या नावानं ऊस लावा त्यात."

त्यांनी मान डोलावली. मग भेगेत हात घालून बघितला.

"सभेत मातीचं का न्हाय बोललीस? तुला ठावं व्हतं."

"तुमी बसला व्हता तितं."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"फुडच्या टायमाला बोल," ते म्हणाले. "मी बसलो आसलो तरी."